जॉबकार्डवर 'पास' लिहिलं होतं

पोळ्याच्या आधी चार दिवस झड लागली होती, वावरातून परत येत होतो आणि तेव्हा तो आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. टक. अ‍ॅक्सिलेटर सोडला की एक टक, परत पिळला की अजून एक. आधी वाटलं साइड स्टँड आपटतो असेल, मग वाटलं मागच्या बॉक्समध्ये पाना सुटला असेल, बॉक्स रिकामा केला, स्टँड बांधून पाहिला, आवाज तिथंच. पायाखालून, उजव्या बाजूने, मागच्या चाकाकडून. आणि चाळीस-पन्नासच्या स्पीडला फूटरेस्टमध्ये एक बारीक थरथर, जी आधी नव्हती, कारण ह्या गाडीवर मी इतका बसलोय की तिची कुठली थरथर तिची आणि कुठली परकी हे मला झोपेतही कळेल.

गाडीच्या कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, डीलरचंही नाही. शाफ्टवाली मोठी गाडी आहे एवढं पुरे. कुणाला बदनाम करायला लिहायला बसलो नाही. आमच्याकडे पांढरकवडा, घाटंजी, वणी, उमरखेड ह्या पट्ट्यात अशा गाड्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या आहेत आणि ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्यांचा डीलर शंभर-दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही लांब नागपूरला आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून जे झालं ते सगळं लिहितोय.

शाफ्टचीच गाडी का घेतली ते आधी सांगतो. आमची माती काळी. उन्हाळ्यात ती पिठासारखी उडते आणि पावसात डिंकासारखी चिकटते, चेनच्या गाडीला दोन्ही वाईट. कॉलेजपासून ज्या ज्या गाड्या वापरल्या त्यांची चेन डिझेलने धुणे, ऑइल मारणे, आठ दिवसांनी परत धुणे ह्यात माझे किती रविवार गेले असतील. शाफ्टच्या गाडीला चेन नाहीच. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून एका लोखंडी दांड्यात येते, तो दांडा मागचं चाक धरणाऱ्या पोकळ दांडीच्या, म्हणजे स्विंगआर्मच्या, आतून चाकापर्यंत जातो आणि तिथं बेव्हल गिअरने चाक फिरवतो. सगळं बंद डब्यात, ना धूळ ना चिखल. आयडिया जुनी आहे, जर्मनीत १९२३ मध्ये बीएमडब्ल्यूची आर ३२ शाफ्टवर आली होती, पुढे इटलीच्या मोटो गुझ्झीने केलं, जपानच्या होंडाची गोल्डविंग १९७५ च्या मॉडेलपासून शाफ्टवरच. शंभर वर्षं टिकलेली गोष्ट आहे म्हणजे चांगलीच असणार असं मी मनाशी धरलं होतं आणि अजूनही म्हणतो, चांगलीच आहे. पण "हिला मेंटेनन्स नाही" असं जे विकताना सांगतात ते खरं नाही, आणि आमच्याकडच्या पावसात तर बिलकुल नाही.

गाडी मी सेकंडहँड घेतली, पुण्याच्या एका दादांकडून, चार वर्षं वापरलेली. दुकानाचं कर्ज फेडून झाल्यावर, घरच्यांशी दोन वर्षं बोलून बोलून. आरसी माझ्या नावावर झाली, इन्शुरन्स झाला, सगळं कायदेशीर. पण कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये मालक म्हणून नाव पुण्याचंच राहिलं, आणि ते बदलायचं असतं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यामुळे रिकॉलचं, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनी गाड्या परत बोलावते त्याचं, पत्र गेलं पुण्याला. माणूस भला म्हणून त्यांनी पत्राचा फोटो पाठवला, नाहीतर मला कळलंच नसतं. पत्रात लिहिलं होतं की ड्राइव्हशाफ्टच्या भागात पाणी शिरून गंज धरू शकतो, शाफ्ट तुटण्याची शक्यता आहे, डीलरकडे आणा, तपासून गरज असल्यास शाफ्ट बदलून मिळेल, खर्च कंपनीचा. सेकंडहँड मोठी गाडी घेतली असेल त्यांनी हे पत्र यायची वाट पाहू नका. चेसिस नंबर घेऊन डीलरला फोन करा, ह्या नंबरवर कुठला रिकॉल बाकी आहे का ते विचारा, आणि तेव्हाच कंपनीकडे आपलं नाव-पत्ता-मोबाइल बदलून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

मिरगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गाडी घेऊन नागपूरला गेलो. पहाटे साडेचारला निघालो कारण दहानंतर त्या रोडवर ऊन सहन होत नाही. करंजी, वडकी, वर्धा नदीचा पूल, हिंगणघाट, जांब, बुटीबोरी. (समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, पण आमच्या बाजूच्या लोकांना तसाही हैदराबाद हायवेच बरा पडतो.) शोरूम उघडायच्या आधी मी गेटवर हजर. सर्विस अ‍ॅडव्हायझर गोड बोलला, चहा दिला, काचेच्या खोलीत बसवलं. पस्तीस-चाळीस मिनिटांत गाडी बाहेर आली, धुऊनसुद्धा. जॉबकार्डवर, म्हणजे केलेल्या कामाच्या कागदावर, लिहिलं होतं, शाफ्ट इन्स्पेक्शन, पास. मी खूश. परत येताना हिंगणघाटला थांबून घरी फोन केला, म्हटलं झालं काम, काही प्रॉब्लेम नाही. आणि त्या 'पास'वर विश्वास ठेवून मी जुलै आणि ऑगस्ट काढला. पोरीला मागे बसवून दोनदा यवतमाळला गेलो. हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

आता परत पोळ्याकडे येतो. नागपूरला फोन लावला तर म्हणाले, सर तुमची गाडी जूनमध्येच चेक झालीय, शाफ्ट ओके आहे, चिखलात चालवता ना, ब्रेक पॅडचा आवाज असेल. ब्रेक पॅडचा आवाज मला कळतो, तो नव्हता. पण दीडशे किलोमीटर गाडी त्या अवस्थेत चालवत न्यायची हिंमत होईना. शेवटी गाडी हळूहळू नेली ती आमच्या गावाबाहेर रोटावेटर, ट्रॉली, पेरणीयंत्र दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. मोटारसायकलचं काम ते करत नाहीत. पण शाफ्ट आणि क्रॉस ह्या दोन गोष्टींवर त्यांचं आख्खं आयुष्य गेलंय.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांना समजावून सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. ट्रॅक्टरच्या मागे पीटीओ असतो, म्हणजे अवजार चालवायला इंजिनने फिरणारं टोक, मिनिटाला ५४० फेरे, त्याला एक शाफ्ट लावतात जो रोटावेटरच्या गिअरबॉक्सला जातो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, त्याच्या चारी टोकांवर टोपीसारखे कप आणि कपात सुईसारखे बारीक बेअरिंग. ह्या क्रॉसमुळे शाफ्ट वाकड्या कोनातही फिरू शकतो. सोळाव्या शतकात इटलीत कार्डानो नावाचा गणिती होऊन गेला, त्याच्या नावावरून ह्याला कार्डन म्हणतात. माझ्या मोटारसायकलच्या शाफ्टलाही दोन टोकांना हेच दोन क्रॉस, एक गिअरबॉक्सजवळ, एक मागच्या चाकाजवळ. चाक खड्ड्यात खालीवर होतं तसा कोन बदलतो आणि क्रॉस ते सांभाळतो.

आता ह्यातली जी खरी गंमत आहे ती मला काकांनी समजावली, आणि मी नंतर वाचून पडताळून पाहिली. वाकड्या कोनात फिरणारा एकटा क्रॉस सारख्या स्पीडने फिरवत नाही. पुढून दांडा सारखाच फिरत असला तरी मागचा दांडा एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन दहा अंशाचा असेल तर हा फरक दीड टक्का, कळतही नाही. तीस अंशाचा झाला तर तेरा-पंधरा टक्क्यांवर जातो. म्हणूनच धुऱ्यावर रोटावेटर उचलताना पीटीओ बंद करा म्हणून म्हातारी माणसं ओरडतात, उचलल्यावर कोन वाढतो आणि शाफ्ट खडखडायला लागतो. आणि म्हणूनच क्रॉस दोन असतात, पुढच्याने केलेली चूक मागच्याने निस्तरायची. पण त्यासाठी दोन्ही फोर्क, म्हणजे क्रॉसला धरणारे दांड्याच्या टोकाचे दुबेळके, एका लायनीत बसले पाहिजेत. खोलून परत बसवताना एक दात जरी चुकला तरी दोन्ही चुका एकमेकींना पुरत्या खात नाहीत, आणि नवाकोरा शाफ्ट असून गाडी थरथरते.

काकांनी गाडी सेंटर स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक एका बोटाने हळूहळू फिरवलं. डोळे मिटून. दोन फेरे झाल्यावर मला म्हणाले, "बापू, हात लाव इथं." मी हात लावला. चाक फिरता फिरता एका जागी अडत होतं, सुटत होतं, थोडं पुढे गेलं की परत अडत होतं. जणू आत कुणीतरी दाणे टाकलेत. "नागपूरवाल्यायनं हे चाक हातानं फिरवून पाह्यलं का?" मी म्हटलं मला माहीत नाही काका, मी काचेच्या आत होतो. मग त्यांनी बॅटरी लावून स्विंगआर्मच्या पुढच्या बाजूचं रबर पाहिलं, ज्याला बूट म्हणतात, शाफ्टच्या डब्याचं तोंड झाकणारं. त्याला गोल क्लिप असते, स्क्रूने आवळलेली.

"हे पाय. स्क्रूच्या खाचीत माती दगडावानी बसली हाय. पेचकस जायाले जागा नाई. हे उघडलंच नाई कोणं. मंग पास कशाचं लेह्यलं त्याईनं?"

मी तिथंच उभा राहून जॉबकार्डचा फोटो परत परत उघडून पाहत होतो. शाफ्ट तपासायचा म्हणजे मागचा गिअरचा डबा खाली सोडावा लागतो, रबर सरकवावं लागतं, शाफ्ट बाहेर ओढून प्रत्येक क्रॉस दोन्ही दिशांना हाताने वाकवून पाहावा लागतो, कुठं अडतो का, कुठं ढिला आहे का. ज्या शाफ्टमध्ये दोन नळ्या एकात एक असतात आणि मधे रबर असतं, तिथं रबर सुटून एक नळी दुसरीवर घसरली का तेही पाहावं लागतं. हे चाळीस मिनिटांत, त्यातच गाडी धुऊन, होऊ शकत नाही. मला त्या दिवशी हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर विचारलं असतं.

काकांनी मला विचारूनच ती माती सुईने कोरून काढली, क्लिप ढिली केली, रबर बोटभर सरकवलं. आतून चहासारखं पाणी आलं. अर्धा कप तरी असेल, थेंब थेंब नाही, धारच. त्यात लाल भुकटी. त्याचा मी व्हिडिओ काढला, आणि काकांनी पुढचं काहीही उघडायला नकार दिला. म्हणाले, "आता हात लावू नको, नाईतर म्हणतीन तुम्हीच खराब केलं." हा सल्ला पुढे लाखमोलाचा ठरला. क्लिपही त्यांनी होती तशी परत आवळून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

पाणी आत शिरतं कसं हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता, कारण रबर फाटलेलं नव्हतं. दोन कारणं मला पटली. एक म्हणजे गाडी तापलेली असते, डब्यातली हवाही तापलेली, आणि आपण नाल्याच्या थंड पाण्यात उतरतो तेव्हा ती हवा पटकन आकसते आणि जिथं बारीक फट असेल तिथून पाणी आत ओढून घेते. आमच्याकडे पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहतंच, पुलाची उंची गुडघाभर, त्याला इलाज नाही. दुसरं म्हणजे वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप. चिखल काढायला पोरगा नोझल नेमकं त्या रबराच्या काठावर धरतो, आणि मी स्वतः उभा राहून त्याला सांगायचो की तिथला नीट काढ. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नाही. सुईच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुपतं, सुया गंजतात, क्रॉस जड होतो, मग जो सहज वाकायला हवा तो दर फेऱ्याला जबरदस्तीने वाकतो आणि कप आपल्या जागेत हलायला लागतो. पुढे एक दिवस तुटतो. तुटला तर नशीब चांगलं असेल तर गाडी फक्त थांबते. नसेल तर तुटलेलं टोक डब्यात गरगर फिरून डबाच फोडतं किंवा मागचं चाक जाम करतं. आणि हे घडणार कधी, तर हायवेवर जोरात असताना.

रोटावेटरच्या क्रॉसला ग्रीसचं निप्पल असतं, काका शेतकऱ्यांना सांगून थकले आहेत की रोज गन मारा. मोटारसायकलच्या क्रॉसला बहुतेक निप्पल नसतं, सीलबंद. म्हणजे ज्याला रोज ग्रीस देता येतं तो शेतातला शाफ्ट, आणि ज्यावर माझी पोरगी बसते त्यात ग्रीस भरायला जागाच नाही. मला हे पटत नाही. निदान पाणी निघून जायला एक भोक तरी ठेवावं.

गाडी पिकअपमध्ये टाकून परत नागपूर. भाडं माझ्या खिशातून. तोच अ‍ॅडव्हायझर, ह्या वेळी चहा नाही. व्हिडिओ पाहिला, वर्कशॉप मॅनेजरला बोलावलं, ते म्हणाले, "सर, हे वॉटर इनग्रेस आहे, तुम्ही गाडी पाण्यात घातली, हे वॉरंटीत बसत नाही. आणि बाहेर उघडलीय." मी म्हटलं, वॉरंटीचं मी बोलतच नाहीये, रिकॉलचं बोलतोय, आणि रिकॉल काढायचं कारणच तुमच्या कंपनीने पाणी शिरून गंज धरणे असं लिहिलंय, हे पत्र वाचा. ते वाचत होते तोवर मी दुसरा प्रश्न विचारला, जूनमध्ये शाफ्ट तपासला तो कुणी, आणि क्लिप न उघडता कसा तपासला, ह्या स्क्रूच्या खाचीचा फोटो पाहा. फोटोत माती तशीच, पेचकस जायला जागा नाही, आणि फोटोवर तारीख होती. त्यावर कुणी काही बोललं नाही. शेवटी म्हणाले गाडी ठेवून जा, कंपनीला कळवतो. मी गाडी ठेवली, पण ठेवताना जॉबकार्डवर माझी तक्रार माझ्या शब्दात लिहून घेतली: चाक हाताने फिरवताना अडते, शाफ्टच्या डब्यातून गंजाचं पाणी निघालं, व्हिडिओ दाखवला. अ‍ॅडव्हायझर 'नॉइज फ्रॉम रिअर' एवढंच लिहीत होता. ते मी सही करायच्या आधी खोडायला लावलं. हे करताना भीती वाटत होती, कारण अख्ख्या विदर्भात हा एकच डीलर, ह्यांनी नाराज होऊन गाडीला हात नाही लावला तर मी जाऊ कुठे. आमच्यासारख्या लांबच्या माणसाच्या मनात हा विचार सतत असतो आणि त्यामुळे आपण पुष्कळ गोष्टी गिळतो.

बारा दिवस काही नाही. फोन केला की "सर, कंपनीकडून अप्रूव्हल यायचंय". तेव्हा मी बसून कायदा वाचला. आपल्याकडे २०१२ पासून सियाम ह्या कंपन्यांच्या संघटनेचा स्वेच्छेने रिकॉल काढायचा कोड आहे. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यात सात वर्षांच्या आतल्या गाड्यांमधला सुरक्षेचा दोष धरलाय, आणि सरकारने सक्तीने रिकॉल करायला लावला तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. माझी गाडी सात वर्षांच्या आतली. मी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल लिहिला, शिवी नाही, आरडाओरडा नाही, फक्त तारखा, चेसिस नंबर, जूनचं जॉबकार्ड, माती बसलेल्या स्क्रूचा फोटो, पाण्याचा व्हिडिओ, आणि एकच प्रश्न: तुमच्या पत्रात सांगितलेली तपासणी माझ्या गाडीवर झाली होती का, हो किंवा नाही सांगा. सोबत १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवली आणि त्या तक्रारीचा नंबर मेलमध्ये टाकला. तेवढ्यानेही नसतं झालं तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होतो, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथं फी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात करता येते, नागपूर-पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत.

चौथ्या दिवशी कंपनीतून फोन आला. बाई नीट बोलल्या, माफी मागितली, शाफ्ट आणि दोन्ही बूट बदलून मिळतील म्हणाल्या. माझ्या हो-नाहीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आजपर्यंत लेखी आलेलं नाही. पार्ट बाहेरून यायचा होता, त्याला पाच आठवडे लागले. इकडे सोयाबीन सोंगून झालं, कापसाची पहिली वेचणी सुरू झाली, आणि मी बाबांची जुनी शंभर सीसीची गाडी काढून तिची चेन धुवत होतो.

पार्ट आल्यावर मी फोनवरच सांगितलं की शाफ्ट बदलताना मला समोर उभं राहायचंय. मॅनेजर म्हणाले वर्कशॉपमध्ये कस्टमर अलाऊड नाही, सेफ्टीचा नियम आहे. मी म्हटलं नियम मान्य, मग जुना शाफ्ट बाहेर काढल्यावर माझ्या हातात द्या आणि नवा बसवायच्या आधी मला बोलवा, मी पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभा राहतो. हे त्यांनी मानलं. काम करणारा पोरगा पंचविशीचा, भंडाऱ्याकडचा. मी त्याला एकच विचारलं, भाऊ, दोन्ही फोर्क एका लायनीत येतील ना? त्याने मान वर करून पाहिलं, हात पुसले आणि म्हणाला, "दादा, तुमाले कोणं सांगतलं हे?" मग रोटावेटरवाल्या काकांचं सांगितलं तर तो हसला, त्याच्या वडिलांकडेही धान मळायचं मशीन आहे म्हणे. त्यानंतर त्याने मला पट्ट्याच्या आत घेतलं. स्प्लाइनवर, म्हणजे दांड्याच्या टोकावरच्या दातांवर, ग्रीस कुठं लावतो, बुटाचा काठ खोबणीत बसला की नाही हे बोट फिरवून कसं पाहायचं, मागच्या गिअरचं ऑइल काढल्यावर चुंबकाच्या बोल्टवर राखाडी बारीक लेप असेल तर घाबरायचं नाही पण चकत्या किंवा तुकडे असतील तर थांबायचं, सगळं दाखवलं. तो म्हणाला जूनमध्ये तो तिथं नव्हता, नवीन लागलाय. मी जास्त विचारलं नाही. त्याला दिवसाला इतक्या गाड्या काढायच्या असतात आणि रिकॉलच्या कामाचे कंपनीकडून डीलरला ठरावीक तासांचेच पैसे मिळतात, हेही त्यानेच सांगितलं. पोराची चूक नाही ही.

जुना शाफ्ट हातात घेतला तेव्हा पुढचा क्रॉस एका बाजूला अजिबात वाकत नव्हता. अजिबात. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा किरकिरत थोडा सरकला आणि तिथंच अडकून राहिला. एका कपाच्या भोवती लाल गोल कडं, कप जागेत हललेला. ह्या लोखंडावर मी तीन महिने बसलो होतो. पोरगा म्हणाला, अजून दोन-तीन हजार किलोमीटर, फार तर. तो शाफ्ट मी मागितला, मिळाला नाही, रिकॉलचे पार्ट कंपनीला परत पाठवावे लागतात. फोटो काढले, क्रॉस अडतो त्याचा व्हिडिओ काढला, जॉबकार्डवर 'जुन्या शाफ्टचा पुढील जॉइंट जाम' असं लिहून घेतलं. पिकअपचं भाडं मागितलं होतं, अर्धं मिळालं.

परत येताना जांबपर्यंत मी साठच्या वर गेलो नाही. नंतर हळूहळू स्पीड वाढवला. टक नाही, थरथर नाही, आणि पुलावर येईपर्यंत माझे खांदे खाली आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काकांकडे नेली. त्यांनी परत न्यूट्रल करून एका बोटाने चाक फिरवलं, डोळे मिटून, चार-पाच फेरे. मग म्हणाले, "आता पास."

आता मी काय करतो ते सांगतो. महिन्यातून एकदा सेंटर स्टँडवर चाक हाताने फिरवतो. गिअरमध्ये टाकून चाक मागेपुढे हलवलं तर थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच, गिअरच्या दातांचा, तो किती आहे ते हाताच्या लक्षात ठेवलंय, वाढला तर कळेल. चाक वर-खाली पकडून हलवतो, तिथं प्ले नको. प्रेशर पंप बंद, बादली आणि फडकं. नाल्यातून जावंच लागलं तर आधी गाडी थोडी थंड होऊ देतो, आणि पावसाळा संपला की क्लिप काढून आत पाणी आहे का ते पाहणार, मग पुढची सर्विस यायची असो वा नसो.

हे सगळं आमच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा उमरखेडच्या एकाचा फोन आला. त्याचीही गाडी तशीच, त्याच वर्षाची, आणि त्याच्याही जॉबकार्डवर पास. मी त्याला म्हटलं गाडी न्यूट्रलमध्ये टाक, फोन स्पीकरवर ठेव आणि चाक फिरव. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अडते हो दादा." मी विचारलं, क्लिपच्या स्क्रूत काय आहे? "माती हाय." येत्या रविवारी तो पिकअपमध्ये गाडी टाकून माझ्याकडे येतोय, रात्री मुक्काम इथंच, आणि सोमवारी पहाटे साडेचारला आम्ही दोघं नागपूरला निघणार आहोत. काकांनाही विचारलंय. कापसाचे दिवस आहेत, ट्रॉल्यांची कामं पडलीत त्यांच्याकडे, पण येतो म्हणाले.